सॅमन मासा व गळाची मर्यादा

मुंबईच्या व कोकणच्या बाजारात रावस या माशाला कित्येकदा ‘इंडियन सॅमन’ असे म्हणतात. हे नाव व्यापाराच्या सोयीचे आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने रावस आणि सॅमन यांच्यात जवळचे नाते नाही. रावस हा उष्ण कटिबंधातील किनाऱ्यालगतचा मासा होय, तर खरा सॅमन हा उत्तर गोलार्धातील थंड पाण्याचा रहिवासी आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परततो. या जीवनक्रमाचे साम्य पाहावयाचे झाल्यास आपल्या देशात ते पाला या माशात आढळते. बंगालमध्ये त्यालाच इलिश म्हणतात. तोही समुद्रातून गंगा, नर्मदा यांसारख्या नद्यांत प्रजननासाठी चढतो.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सॅमनचे अनेक प्रकार सापडतात. त्यांतील आकाराने सर्वांत मोठा तो चिनूक. हातात गळाची काठी घेऊन लहानशा होडीतून चिनूक धरणे हा त्या किनाऱ्यावरील लोकांचा फार आवडीचा छंद आहे. 2019 च्या एप्रिल महिन्यात कॅनडाच्या केंद्र सरकारने या छंदावर कडक निर्बंध घातले. जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत 14 जुलैपर्यंत एकही चिनूक घरी नेता येणार नाही, 15 जुलैपासून 29 ऑगस्टपर्यंत दिवसास एकच ठेवता येईल, त्यानंतर दोन. आणि संपूर्ण वर्षात एका व्यक्तीस पूर्वी 30 चिनूक ठेवता येत असत, त्याऐवजी यापुढे 10 ठेवता येतील, असे जाहीर झाले.

या निर्बंधांनी पुष्कळ लोक बुचकळ्यात पडले. एका गळाने समुद्र रिकामा होत नाही, ही गोष्ट उघड आहे. शिवाय त्याच समुद्रात उन्हाळ्याच्या अखेरीस चिनूक भरपूर सापडत होते. मग बंदी कशासाठी? आणि ती 15 जुलै या विशिष्ट तारखेस सैल का व्हावी? या प्रश्नांची उत्तरे सॅमनच्या जीवनक्रमात दडलेली आहेत.

जन्मनदीची ओढ

चिनूकची मादी थंड, वाहत्या पाण्याच्या तळाशी असलेली वाळू व गोटे शेपटीने बाजूस सारून खळगा तयार करते आणि त्यात काही हजार अंडी घालते. नराकडून ती फलित झाल्यावर मादी त्यांवर पुन्हा गोटे लोटते. हिवाळाभर अंडी या आवरणाखाली राहतात. गोट्यांच्या फटींतून वाहणारे स्वच्छ पाणी त्यांना प्राणवायू पुरविते. वसंतात पिल्ले बाहेर पडतात. काही समूहांतील पिल्ले थोड्याच महिन्यांत समुद्राकडे निघतात, तर काही समूहांतील पिल्ले एक संपूर्ण वर्ष नदीतच काढतात. समुद्रात दोन ते चार वर्षे वाढल्यावर मासा परतीच्या प्रवासास लागतो. नदीत शिरल्यावर तो अन्न घेणे सोडतो. शरीरात साठविलेल्या मेदाच्या बळावर तो प्रवाहाविरुद्ध शेकडो किलोमीटर चढून जातो, अंडी घालतो आणि मरतो. चिनूकच्या आयुष्यात ही संधी एकदाच येते.

परतताना तो वाटेल त्या नदीत शिरत नाही. बहुधा ज्या प्रवाहात त्याचा जन्म झाला त्याच प्रवाहात येतो. 1950 च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे आर्थर हॅसलर व वॉरेन विस्बी यांनी या कोड्याचा उलगडा केला. त्यांनी एका ओढ्याच्या दोन शाखांत परतलेले कोहो जातीचे सॅमन धरले, त्यांपैकी काहींच्या नाकपुड्या बंद केल्या आणि सर्वांना दोन्ही शाखांच्या संगमाखाली नेऊन सोडले. ज्यांच्या नाकपुड्या मोकळ्या होत्या त्यांनी आपली शाखा अचूक निवडली. ज्यांच्या बंद होत्या ते मात्र गोंधळले. पिल्लू असताना मनावर उमटलेला पाण्याचा गंध हाच त्याचा अखेरच्या टप्प्यातील वाटाड्या असतो, असे यावरून दिसून आले.

एक जात, अनेक साठे

जन्मनदीकडे परतण्याच्या या सवयीचा एक महत्त्वाचा परिणाम होतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच प्रवाहात प्रजनन होत राहिल्याने त्या प्रवाहातील मासे शेजारच्या प्रवाहातील माशांहून थोडे वेगळे बनत जातात. परतण्याचा काळ, प्रवासाची ताकद, पाण्याच्या उष्णतेची सहनशीलता हे गुण त्या त्या नदीस अनुरूप होतात. अशा प्रत्येक समूहास मत्स्यशास्त्रात स्वतंत्र ‘साठा’ मानतात. एखाद्या नदीचा साठा नष्ट झाला, तर शेजारच्या नदीतील मासे लगेच येऊन ती जागा भरून काढीत नाहीत. म्हणून ‘चिनूक पुष्कळ आहेत’ हे विधान अपुरे आहे. कोणत्या नदीचे आणि कोणत्या ऋतूत परतणारे, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही.

फ्रेझर ही ब्रिटिश कोलंबियातील सर्वांत लांब नदी. रॉकी पर्वतात उगम पावून सुमारे 1,375 किलोमीटर वाहत ती व्हँकूव्हर शहराजवळ समुद्रास मिळते. तिला आणि तिच्या उपनद्यांना चिनूकचे अनेक साठे आहेत. वन्य जीवांच्या स्थितीचे परीक्षण करणाऱ्या कॅनडातील तज्ज्ञसमितीने 2018 च्या नोव्हेंबरात प्रांताच्या दक्षिण भागातील, मुख्यतः फ्रेझरच्या खोऱ्यातील, चिनूकच्या 16 समूहांचा अहवाल दिला. त्यांपैकी 8 समूह समितीने ‘संकटग्रस्त’ ठरविले, 4 ‘धोक्याच्या छायेत’ असल्याचे सांगितले आणि 1 विशेष चिंतेचा मानला. दोन समूहांचा निर्णय त्या वेळी झाला नाही. सुस्थितीत असा एकच समूह निघाला. तो थॉम्पसन या उपनदीतील, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात परतणारा मोठा समूह होय.

मिश्र मासेमारीचे गणित

नदीच्या वरच्या टोकाला प्रत्येक साठा आपापल्या प्रवाहात अलग असतो. समुद्रात मात्र सर्व साठ्यांचे मासे एकत्र हिंडतात. गळाला लागलेला मासा सबळ साठ्यातील की दुर्बळ साठ्यातील, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. येथेच खरी अडचण उत्पन्न होते. ती समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, एका समुद्रात दोन साठे आहेत आणि प्रत्येकाचे 1,000 मासे नदीत पोहोचून अंडी घालतात. सबळ साठ्याची नदी सुस्थितीत आहे. तिच्यातील संततीपैकी 3,000 मासे वाढून परतीस निघतात. दुर्बळ साठ्याची नदी गाळाने व उष्णतेने बिघडलेली आहे. तिच्यातील केवळ 1,100 मासे परतीस निघतात. आता मासेमारांनी दोन्ही साठ्यांतून सारखेच, म्हणजे शेकडा 50 मासे धरले असे मानू. सबळ साठ्याचे 1,500 मासे नदीत पोहोचतील. पूर्वीपेक्षा ही संख्या मोठी आहे, म्हणून कोणासही चिंता वाटणार नाही. दुर्बळ साठ्याचे मात्र 550 च पोहोचतील. पुढील पिढीत तेच प्रमाण राहिल्यास 302 आणि तिसऱ्या पिढीत 166. चिनूकची एक पिढी चार ते पाच वर्षांची असते. म्हणजे पंधरा वर्षांच्या आत हा साठा एक षष्ठांशावर येईल. आणि त्या अवधीत समुद्रावर मासे धरणाऱ्यास टंचाई अशी जाणवणारच नाही.

दुर्बळ साठा आहे तेवढा टिकवावयाचा तर काय करावे लागेल? 1,100 पैकी 1,000 नदीत पोहोचले पाहिजेत. म्हणजे शेकडा 9 हून अधिक मासे धरता येणार नाहीत. परंतु हाच नियम सबळ साठ्यास लागू केल्यावर तेथे 1,500 ऐवजी केवळ 270 मासे हाती येतील. दुर्बळ साठ्याचे 450 मासे वाचविण्यासाठी सबळ साठ्याच्या 1,230 माशांवर पाणी सोडावे लागते. मर्यादेविषयी जो वाद माजतो तो बहुतांशी या 1,230 माशांविषयी असतो. ते मासे धरणे स्वतः हानिकारक नव्हे. पण ते इतरांपासून वेगळे काढता येत नाहीत.

15 जुलै ही तारीख कोठून आली

वेगळे काढण्याचा एखादा उपाय सापडला, तर ही किंमत कमी होईल. फ्रेझरच्या बाबतीत निसर्गानेच असा एक उपाय देऊ केला आहे, तो म्हणजे काळ.

फ्रेझरचे जे साठे सर्वाधिक संकटात आहेत ते बहुधा लवकर परतणारे आहेत. त्यांची पिल्ले एक वर्ष नदीत काढतात, आणि मोठे झालेले मासे वसंतात व उन्हाळ्याच्या पूर्वार्धात किनाऱ्याजवळून नदीत शिरतात. त्यांपैकी काहींना वरच्या प्रवाहापर्यंत फार लांबचा पल्ला गाठावयाचा असतो, तर निकोला नदीसारख्या उपनद्यांत जाणाऱ्यांना उन्हाळ्यात पाणी आटण्यापूर्वी वर पोहोचावे लागते. याउलट थॉम्पसनचा सबळ साठा पिल्लूपणीच समुद्रात जातो आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात परततो. जुलैच्या मध्यापर्यंत लवकर परतणाऱ्या माशांचा मोठा भाग सामुद्रधुनी ओलांडून नदीत शिरलेला असतो. म्हणून तोपर्यंत गळ आवरावा आणि त्यानंतर सबळ साठ्याची वेळ आली की हळूहळू सूट द्यावी, असे ठरविण्यात आले. ही तारीख एक प्रकारची चाळणी होय.

हे ज्ञान सहजासहजी मिळालेले नाही. पिल्लांच्या नाकाच्या भागात सुमारे एक मिलिमीटर लांबीची, अंक कोरलेली तार बसवून त्यांना सोडण्याची पद्धत 1960 च्या दशकापासून वापरात आली. अशा पिल्लाच्या पाठीवर शेपटीजवळ असलेला मेदाचा लहानसा पर खूण म्हणून कापून टाकतात. वर्षांनंतर तो मासा कोठेही धरला गेला, तरी तारेवरील अंकांवरून तो कोठून व केव्हा सोडला होता हे कळते. अलीकडे परांच्या लहानशा तुकड्यातील आनुवंशिक द्रव्य तपासूनही माशाची नदी ओळखता येते. कोणता साठा कोणत्या आठवड्यात समुद्राच्या कोणत्या भागात असतो, याचा नकाशा अशा असंख्य नोंदींतून तयार होतो.

मर्यादांचे प्रकार

हौशी मासेमारीवरील मर्यादा अनेक प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीचे कार्य निराळे असते. दैनिक मर्यादा एका दिवसाच्या लोभास आवर घालते. वार्षिक मर्यादेमुळे रोज समुद्रावर जाणारा व वर्षातून दोनदा जाणारा यांच्यातील अंतर कमी होते. ठेवलेल्या चिनूकची नोंद मासेमारास तत्काळ करावी लागते, ती याच हेतूने. लांबीची मर्यादा अपुऱ्या वाढीच्या माशांना वाचविते. जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत 62 सेंटिमीटरहून आखूड चिनूक ठेवता येत नाही. काळाची मर्यादा विशिष्ट साठ्यास वाट करून देते. जागेची मर्यादा नदीमुखासारखी ठिकाणे राखून ठेवते, कारण तेथे मासे दाटीने थांबतात आणि गळास सहज बळी पडतात.

यांपैकी दैनिक व वार्षिक मर्यादा व्यक्तीस बांधतात, एकूण संख्येस नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ब्रिटिश कोलंबियात समुद्रात हौसेने मासे धरण्याचे परवाने वर्षास सुमारे 3 लाख निघतात. प्रत्येकाने वर्षात एकच मासा अधिक ठेवला, तरी ती संख्या 3 लाख होईल. ‘माझ्या एका माशाने काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर एकट्या होडीत बसून मिळत नाही, ते या गुणाकारात मिळते.

सोडून दिलेला मासा

कित्येक ठिकाणी मासा धरून लगेच सोडून देण्याची मुभा असते. यामुळे छंदही राहतो आणि मासाही वाचतो असे वाटते. ते बरेचसे खरे असले तरी पूर्णतः खरे नाही. गळाशी झुंजताना मासा थकतो. पाण्याबाहेर धरून ठेवल्यास त्याचा श्वास कोंडतो. जाळीत घेतल्यास त्याचे खवले व अंगावरील संरक्षक बुळबुळीत आवरण निघून जाते. गळ कल्ल्यांत रुतल्यास रक्तस्राव होतो. पाणी उष्ण असल्यास त्यात प्राणवायू कमी असतो आणि थकलेल्या माशास सावरणे कठीण जाते. अशा रीतीने सोडलेल्या माशांपैकी काही पुढे मरतातच. म्हणून ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात सॅमनसाठी उलटा काटा नसलेला गळ वापरणे बंधनकारक आहे. झुंज लवकर आटोपावी, मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा, असा उपदेशही केला जातो.

हौशी मासेमारांच्या संघटनांनी आणखी एक मार्ग सुचविला आहे. उबवणी केंद्रांतून सोडलेल्या सर्व पिल्लांचा मेदाचा पर कापावा, म्हणजे मासा हाती येताच तो केंद्रातील की वन्य हे कळेल. केंद्रातील मासा ठेवावा आणि वन्य मासा सोडावा. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ आहे. कॅनडात सर्वच चिनूक पिल्लांचा पर कापला जात नाही. या सूचनेत तथ्य आहे. परंतु एका खुणेच्या माशासाठी अनेक वन्य मासे धरून सोडावे लागले, तर त्यांतील मरणाऱ्यांची संख्याही हिशेबात धरावी लागते.

त्याग कोणी करावा

मर्यादा घातली की प्रश्न उभा राहतो, की प्रथम कोणी थांबावे? कॅनडात या प्रश्नास कायद्याचा आधार आहे. 1982 च्या राज्यघटना कायद्याने तेथील मूळ रहिवाशांचे परंपरागत हक्क मान्य केले. 1990 मध्ये स्पॅरो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की माशांच्या रक्षणाची गरज भागल्यावर पहिला हक्क मूळ रहिवाशांच्या अन्नासाठी व धार्मिक-सामाजिक कार्यांसाठी होणाऱ्या मासेमारीचा. व्यापारी व हौशी मासेमारी त्यानंतर. शतकानुशतके सॅमन हा या लोकांच्या अन्नाचा व विधींचा आधार राहिलेला आहे. 2019 साली त्यांच्याही मासेमारीचा आरंभ पुढे ढकलावा लागला, यावरून परिस्थितीचे गांभीर्य ध्यानात येईल. व्यापारी होड्यांचा हंगामही तसाच लांबविण्यात आला.

हौशी मासेमारांची तक्रार निराधार नव्हती. किनाऱ्यावरील लहान गावांत होड्या भाड्याने देणारे, वाटाडे, अतिथिगृहे चालविणारे आणि आमिषे विकणारे दुकानदार यांचा निर्वाह या छंदावर चालतो, आणि वसंत हा त्यांच्या हंगामाचा आरंभ असतो. मर्यादेचा भार त्यांच्यावर प्रत्यक्ष पडला. दुसऱ्या बाजूस त्याच समुद्रात असा एक प्राणी आहे की ज्यास तक्रार मांडता येत नाही. किनाऱ्याच्या दक्षिण भागात राहणाऱ्या ओर्का देवमाशांचा एक गट आहे. त्यात 70 ते 80 च प्राणी उरलेले असून त्यांचे मुख्य अन्न चिनूक हेच आहे.

मर्यादेने काय साधते

गळ आवरला म्हणजे साठा सुधारेलच, अशी हमी देता येत नाही. 2019 च्या जून महिन्यात फ्रेझरवर बिग बार येथे मोठी दरड कोसळून पात्र अडल्याचे आढळले. सुमारे 5 मीटर उंचीचा धबधबा तयार झाला होता आणि मासे त्याच्या तळाशी अडकून पडले होते. हेलिकॉप्टर व मालमोटारी यांच्या साहाय्याने हजारो मासे वर नेऊन सोडण्यात आले. तरीही त्या वर्षी तेथून वर जाऊ पाहणाऱ्या, लवकर परतणाऱ्या चिनूकांपैकी शेकडा 89 नष्ट झाल्याचा सरकारी अंदाज आहे. समुद्रातील गळापासून ज्यांना वाचविले त्यांतीलच पुष्कळ मासे या दरडीपाशी संपले. पुढे 2021 च्या नोव्हेंबरात निकोला व कोल्डवॉटर या नद्यांना महापूर आला. अशा पुरात तळाचे गोटे वाहून जातात आणि त्यांखालील अंडी त्यांबरोबर जातात. याखेरीज जंगलतोड, शेतीसाठी उपसलेले पाणी, तापत चाललेले प्रवाह आणि समुद्रातील बदलते अन्न ही कारणे आहेतच.

मग मर्यादेचा उपयोग कोणता? हाच की, साठा जितका लहान तितका असा एखादा आघात त्यास सोसणे कठीण. परतणाऱ्या माशांची संख्या मोठी असली, तर त्यांतील काही तरी वाट काढतात. नदी दुरुस्त करण्यास वर्षे लागतात. गळ मात्र उद्याच आवरता येतो. मर्यादा हा रोगावरील पूर्ण इलाज नव्हे. इलाज होईपर्यंत रोग्यास जिवंत ठेवण्याची ती योजना आहे.

इतर देशांनीही हेच तत्त्व निरनिराळ्या रीतींनी स्वीकारले आहे. स्कॉटलंडमध्ये 2016 पासून नद्यांची प्रतवारी केली जाते आणि दुर्बळ ठरलेल्या नदीतील प्रत्येक सॅमन सोडून द्यावा लागतो. नॉर्वेने 2024 च्या जून महिन्यात, ऐन हंगामात, 33 नद्यांतील सॅमनची मासेमारी थांबविली. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात 2023 व 2024 ही दोन वर्षे सॅमनची व्यापारी व हौशी अशी दोन्ही प्रकारची मासेमारी पूर्णतः बंद होती. 2025 च्या जून महिन्यात हौशी मासेमारांसाठी ती प्रथम दोनच दिवस उघडली.

काळाची मर्यादा ही कल्पना आपणांस अपरिचित नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि कोळी समाजात नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटण्याची चाल फार जुनी आहे. फरक एवढाच, की आपल्याकडील बंदी समुद्रातील सर्वच माशांना विसावा देते, तर फ्रेझरची बंदी समुद्रातून जाणाऱ्या काही थोड्या, ओळखू न येणाऱ्या माशांसाठी आहे.

या साऱ्यातून एक साधे सूत्र निघते. मर्यादा ठरविताना ‘किती मासे धरता येतील?’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की सर्वांत दुर्बळ नदीत किती मासे पोहोचले पाहिजेत? तेवढे पोहोचल्यावर जे उरतील त्यांतच छंदाचा वाटा असतो. एखाद्या वर्षी काहीच उरत नाही, तेव्हा त्या वर्षाची मर्यादा शून्य असते.